वय झालं म्हणजे काय झालं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. "भाऊजी, लिहिणं बंद केलं का?" असं नागपूरच्या वहिनींनी दोनदा विचारलं. बंद नाही केलं. पण डोक्यात एक गोष्ट घोळत होती आणि ती नीट सांगता येईल की नाही याची खात्री नव्हती. गोष्ट आमच्या गाडीची आहे. निदान सुरुवात तरी गाडीपासूनच करावी लागेल.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००. १९९८ सालची, कार्बोरेटरवाली, रंग एकेकाळी पांढरा. २००४ साली चंद्रपूरच्या एका बँकेतल्या गृहस्थांकडून घेतली. तेव्हा शाळेत अर्धे शिक्षक सायकलवर आणि अर्धे लुनावर येत असत. त्यामुळे गुरुजींनी कार घेतली ही धानोऱ्यात आठ दिवस पुरलेली बातमी होती. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली एका ग्राहकाला दिली गेली. तो फोटो मी वर्तमानपत्रात पाहिला होता. ही वस्तू आपल्या दारात कधी उभी राहील असं वाटलं नव्हतं. २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ही गाडी बनवणं थांबवलं. आमची मात्र चालत राहिली. मुलीचं लग्न, मुलाचं कॉलेज, सोयऱ्यांची आजारपणं, सगळं तिनंच केलं. आता पावणेदोन लाख किलोमीटरच्या वर झाले आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागणारी नोंदणी २०२३ साली करून घेतली, म्हणजे २०२८ पर्यंत कागद तरी पक्के आहेत.

कागद पक्के होते, पण २०२४ च्या दिवाळीनंतर गाडी बिघडली. बिघाडही विचित्र. सकाळी एका चावीत सुरू होई. गावात दिवसभर फिरवा, काही तक्रार नाही. गडचिरोलीकडे निघालं की चातगावपर्यंत छान जाई आणि मग एकदम झटके घ्यायला लागे. पिकअप जाई, ॲक्सिलेटर दाबला तर आणखी मरगळे, आणि शेवटी बंद. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं की पुन्हा सुरू. जणू काही झालंच नाही!

जिल्ह्याच्या ठिकाणी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी आधी प्लग बदलले. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. पुन्हा तेच. मग पेट्रोलच्या लाइनमध्ये हवा मारून पाहिली, 'लाइन साफ आहे' म्हणाले. तिसऱ्या खेपेला तिथल्या मुख्य माणसानं सायलेन्सरमागे जरासा निळसर धूर पाहिला आणि निकाल दिला, "सर, गाडीचं वय झालं. इंजिन बसलं. बोर करावं लागेल, पिस्टन, रिंगा, सगळं. चाळीस हजार धरून चला."

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, गाडीची किंमत तरी चाळीस हजार आहे का? वय झालं तिचं. भंगारात द्या." शेजारी म्हणाले, वय झालं. मीही म्हणू लागलो, वय झालं. त्या दोन शब्दांत एक सोय असते. ते म्हटले की पुढे काही शोधावं लागत नाही.

पण एक सवय मात्र सुटली नाही. पस्तीस वर्षं हजेरी लिहिली, त्यामुळे कुठलीही गोष्ट वहीत टिपल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हापासून मी एका शंभर पानी वहीत रकाने आखून लिहू लागलो. तारीख, वेळ, ऊन की थंडी, रस्ता सपाट की चढाचा, गाडीत माणसं किती, वेग किती, किती मिनिटांनी सुरू झाली. मी मराठी आणि इतिहास शिकवला. इंजिनातलं मला काडीचं कळत नाही. पण नोंद करायला कळावं लागतंच असं नाही.

त्या वहीतली एक नोंद अशी आहे. फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६.१०, मुरूमगावकडून परत येताना, चढ, दोन माणसं आणि डिकीत सामान, २२ मिनिटं.

एका लग्नाहून आम्ही दोघं परतत होतो. दोन्ही बाजूंनी जंगल, मोबाईलला रेंज नाही, उजेड कमी होत चाललेला. २०२१ साली छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात शिरला, तो याच बाजूनं. तेव्हापासून या रस्त्यावर संध्याकाळी थांबायची कुणाची हिंमत होत नाही. मी बॉनेट उघडून उगाचच आत पाहत उभा होतो आणि प्रत्येक पान वाजलं की वळून बघत होतो. ही आत शाल गुंडाळून बसली होती. थोड्या वेळानं पाहिलं तर चक्क झोपली होती. मला तिचं कौतुकच वाटलं, काय ही निर्धास्त बाई! बावीस मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि आम्ही घरी आलो. दिवा लावून मी आधी वही काढली आणि बावीस मिनिटं लिहून टाकली.

त्या रात्री ठरवलं, गाडी काढायची. पण काढण्याआधी इथल्या मिस्त्रीला एकदा दाखवू म्हटलं. मुरूमगाव रस्त्याला त्यांचं छोटं गॅरेज आहे. जास्त काम मोटारसायकली आणि ट्रॅक्टरचं. माणूस पन्नाशीचा, शिक्षण सातवी. मोहफुलांचा हंगाम सुरू होता, म्हणजे मार्च संपत आलेला. सकाळी गाडी नेऊन उभी केली आणि सांगितलं, "मिस्त्री, इंजिन बसलंय म्हणतात. वय झालं. विकायची तर किती येतील?"

त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. विचारलं, "बंद पडल्यावर मंग सुरू कशी होते जी?"

"वीस मिनिटं थांबलं की होते."

"आन मंग बराबर चालते?"

"अगदी बरोबर."

"गुरुजी, एक सांगा जी. मेलेलं मानूस वीस मिनिटं पडून राहून उठून बसते का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "रिंगा घासल्या तर घासल्या. त्या वीस मिनिटांत भरून निघत नाहीत जी. इंजिन बसलं असतं तं सकाळीबी बसलेलंच राहिलं असतं. हे दुसरंच काहीतरी अडून राहिलं."

पस्तीस वर्षं मी मुलांना कार्यकारणभाव शिकवला. पानिपतची कारणे, १८५७ च्या अपयशाची कारणे, पाच गुणांसाठी पाच मुद्दे. आणि इथे एका वाक्यात या माणसानं मला उघडं पाडलं. जे दुखणं येतं आणि जातं, त्याचं कारणही येणारं-जाणारंच असलं पाहिजे. झीज येत-जात नसते.

मी वही काढून दिली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. डिसेंबरातल्या दोन नोंदींवर थांबले. "हे सकाळी साताची गोष्ट आहे. हुडहुडी भरनारी थंडी. म्हंजे गरमीचा प्रश्न नाही." मला तर खात्री होती की इंजिन तापल्यामुळेच होतं. कारण थांबून थंड केल्यावर सुरू होतं ना! पण वही वेगळंच सांगत होती. चौदा नोंदींपैकी एकही गावातली नाही. प्रत्येक वेळी एक तर चढ होता, नाही तर गाडीत चार माणसं, नाही तर वेग साठच्या वर. म्हणजे इंजिनानं जेव्हा जास्त पेट्रोल मागितलं तेव्हाच ते अडलं.

पुढचे दोन दिवस मी रोज तिथे स्टूल टाकून बसलो. त्यांनी जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी असेल तर उपयोग होईल.

आधी तिन्ही प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. चांगल्या जळणाऱ्या इंजिनाच्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळं आणि तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढुरकं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आमचा तिसरा प्लग तेलकट होता. पहिले दोन पांढुरके. "पाहा जी, एक म्हातारा आहे, आन दोन उपाशी."

मग कॉम्प्रेशन पाहिलं. प्लगच्या भोकात मीटर बसवायचं, मी आत बसून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायचा आणि स्टार्टर मारायचा. दोन सिलिंडर दीडशेच्या वर गेले, तिसरा एकशे तीसला थांबला. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहिलं तर आकडा वर आला. ऑइलनं वर आला म्हणजे गळती रिंगांतून आहे. आला नसता तर दोष व्हॉल्वचा. म्हणजे गॅरेजवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. तिसरा सिलिंडर घासला आहे, थोडा निळा धूर तिथूनच येतो, ऑइल थोडं जास्त लागतं. पण त्यानं गाडी जंगलात उभी राहत नाही. दोष खरा होता, पण तो या तक्रारीचं कारण नव्हता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला.

मग आम्ही त्या चढावर गेलो आणि गाडी मुद्दाम बंद पाडली. बंद पडताक्षणी त्यांनी एक प्लग वायरीसकट काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला स्टार्टर मारायला लावलं. निळी ठिणगी टचटचीत पडली. कॉइल निर्दोष. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, कारण झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी असंच होतं. काही फरक नाही. झाकण निर्दोष. मग कार्बोरेटरला येणारा पाइप काढून स्टार्टर मारला, तर पेट्रोलची धार नाही, नुसते थेंब. म्हणजे पेट्रोल येतच नव्हतं.

आता दोष एसी पंपात, फिल्टरमध्ये, टाकीत की मधल्या पाइपात? मी म्हटलं, सगळंच बदलून टाका, आता कंटाळा आला. ते म्हणाले, "सगळंच बदललं तं काय बिघडलं होतं हे कधी कळनार जी?" त्यांनी एका डब्यात दोन लिटर पेट्रोल घेतलं, गरम भागापासून लांब घट्ट बांधलं, आणि त्या डब्यातून पाइप थेट पंपाला जोडला. जवळ वाळूची बादली ठेवली आणि खिशातल्या बिड्या पोराच्या हातात दिल्या. (हे घरी कुणी करू नका, हे माहितगारानंच करायचं काम आहे.) तसेच पुन्हा चढावर गेलो. गाडी एकदाही अडली नाही. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो, पोरांना मागे बसवून गेलो. गाडी पळाली!

या एका प्रयोगानं इंजिन, पंप, कार्बोरेटर, कॉइल सगळे एकदम सुटले. आरोपी टाकी आणि पंप यांच्या मधेच कुठेतरी होता. फिल्टर बदलून पाहिला, दोष तसाच. टाकीजवळचा रबरी पाइप काढला. बाहेरून धडधाकट. मिस्त्रींनी फुंकर मारली, हवा आरपार. माझा चेहरा पडला. मग त्यांनी दवाखान्यात मिळते तशी मोठी सिरिंज त्या टोकाला लावली आणि ओढली. दट्ट्या अर्ध्यावर अडकला. पाइप ब्लेडनं उभा चिरला, तर आतलं अस्तर एका जागी सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हळू ओढलं तर जीभ बाजूला राहायची. जोरानं ओढलं की आडवी येऊन नळी बंद. इंजिन बंद पडलं की ओढ संपे, जीभ हळूहळू आपल्या जागी जाई, आणि वीस मिनिटांनी आम्ही म्हणायचो, थंड झाली वाटतं!

गॅरेजवाल्यानं हवा मारली होती ती उलट दिशेनं. ढकलणारी हवा त्या जिभेला दाबून बसवत होती, म्हणून लाइन 'साफ'. पंप ढकलत नाही, ओढतो. तपासणी केली होती, पण ओझं ज्या दिशेनं येतं त्या दिशेनं केली नव्हती.

पाइप गाडीच्या जन्माचा, म्हणजे सत्तावीस वर्षांचा. "आता असे पाइप लय येऊन राहिले," मिस्त्री म्हणाले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनंही सांगितलं. आमच्या पाइपाचं अस्तर इथेनॉलनं सुटलं की सत्तावीस वर्षांनी, हे मी ठामपणे सांगणार नाही. दोन्ही मिळून सुटलं असेल. इथेनॉल चालणारे नवे पाइप, फिल्टर आणि दोन दिवसांची मजुरी, सगळे मिळून बाराशे रुपये झाले. चाळीस हजारांच्या जागी.

"आन तिसऱ्या सिलिंडरचं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तो म्हातारा झाला जी. त्याचं वय झालंच. पन तो तुमाले घरी पोचवते. ऑइल पाहत जा."

घरी आलो. एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचे तीन. बाहेर बेचाळीस अंश तरी असावेत. हिला ही सगळी हकीकत सांगायची म्हणून उत्साहानं आत गेलो, तर ही पंखा बंद करून शाल अंगावर घेऊन पडलेली.

मी दारातच उभा राहिलो.

ही शाल मी किती दिवसांपासून पाहत होतो? दिवाळीपासून? त्याही आधीपासून? ही हल्ली दुपारीच काय, सकाळीही पडून राहायची. चार भांडी घासली की बसायची. आवाज घोगरा झाला होता. केस गळायचे. खाणं कमी होऊनही अंग सुजल्यासारखं दिसायचं. "थकल्यासारखं होतं हो," असं तिनं मला किती वेळा सांगितलं असेल! आणि मी दर वेळी काय म्हटलं? "वय झालं आता. सत्तरी आली." प्रेमानंच म्हटलं. पण म्हटलं. मुलांनाही फोनवर तेच सांगितलं. यात कुणा डॉक्टरचा दोष नाही. डॉक्टरपर्यंत मी तिला नेलंच नव्हतं. निकाल मीच देऊन टाकला होता.

वही माझ्या हातातच होती. फेब्रुवारीचं पान उघडलं. ६.१०, चढ, २२ मिनिटं. त्या संध्याकाळी हत्तींच्या भीतीनं मला घाम फुटला होता, आणि तशा वेळी ही दोन मिनिटांत झोपली होती. त्याला मी निर्धास्तपणा समजलो होतो. गाडीच्या चौदा दुखण्यांची मिनिटं माझ्याकडे लिहिलेली होती. हिच्या एकाही दुपारची नोंद नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्याच गाडीनं तिला गडचिरोलीला नेलं. चातगाव मागे पडलं तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदाच इंजिनाच्या आवाजाकडे नव्हतं. रक्त तपासलं. थायरॉइड. टीएसएच नावाचा आकडा साधारण चार-पाचच्या आत हवा, हिचा अडतीस होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बायकांमध्ये, आणि वय वाढेल तसं जास्त, हे होतं. थकवा, थंडी वाजणं, मंदपणा ही लक्षणं म्हातारपणासारखीच दिसतात, म्हणून घरच्यांना कळत नाही. मी मान खाली घालून ऐकलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी, चहा अर्ध्या तासानं. या वयात कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवायची, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

एकदम चमत्कार झाला नाही. पावसाळा सुरू होईपर्यंत शाल होतीच. पण २०२५ च्या दिवाळीत तिनं स्वतः उभं राहून चकल्या केल्या आणि मला तीनदा रागावली. मुलगा म्हणाला, "आई पूर्वीसारखी झाली." गुडघे मात्र दुखतातच. तपासून घेतले, ती झीज आहे, ती वयाचीच. तो आमचा तिसरा सिलिंडर म्हणायचा.

वय होतं, हे मला मान्य आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते कोण नाकारेल? पण 'वय झालं' हे उत्तर सगळी तपासणी झाल्यावर उरलं तर उरू द्यावं. मी ते सुरुवातीलाच लिहून टाकत होतो. शाळेतही कधी कधी हेच केलं. "याच्या डोक्यात काही शिरत नाही," असं एका मुलाबद्दल मी शिक्षकखोलीत म्हटलं होतं, आणि त्याला फळाच दिसत नव्हता हे वर्ष संपताना कळलं होतं. तेव्हा शिकायला हवं होतं. असो.

गाडी विकली नाही. मुलाला तसं कळवलं आहे, तो रागावला आहे, पण हे वाचून निवळेल. वही अजून चालू आहे. फक्त आता मधोमध एक रेघ मारून दोन भाग केले आहेत. डावीकडे गाडी. उजवीकडच्या भागावर काय लिहायचं असं मी विचारलं तर ही म्हणाली, "माझं नाव लिहा. आणि शेजारी तुमचंही लिहा. तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि तुम्ही ते वयावर ढकलता."

पुढच्या आठवड्यात कान दाखवायला जायचं ठरलं आहे.